एका दिवसाची सावड

डॉक्टरांनी माझा भात बंद केला त्याला दोन वर्षं होऊन गेली. नोकरीत असेपर्यंत मी भातच केला. म्हणजे भाताच्या जाती निवडल्या, वाढवल्या, त्यांची वर्णनं लिहिली. आणि आता सुनेने ताटात वाढलेल्या दोन पोळ्यांकडे बघत बसतो. त्याचं फारसं दुःख नाही. मूळचा मी ज्वारीच्या मुलखातला माणूस. आमच्याकडे सोलापूरच्या बाजूला भात सणाचा, नाहीतर आजाऱ्याचा. पण अधूनमधून शेजारच्यांकडे आंबेमोहोर शिजतो, त्याचा वास आमच्या गॅलरीत येतो, आणि मग मला लोणावळ्याजवळच्या औंढ्यातली ती खोली आठवते, तिथला ओला धूर आठवतो, आणि एक गोष्ट आठवते जी मी कुठे लिहिलेली नाही. जिथे लिहायला हवी होती तिथे तर नाहीच.

त्या वेळी मी शेतकीच्या एम. एजी.ला नाव घातलं होतं. वर्गात बसून ऐकायची ती डिग्री नव्हे. एक विषय घ्यायचा, दोन हंगाम राबायचं आणि प्रबंध लिहून द्यायचा. पहिला हंगाम पुण्यात आमच्या सरांच्या हाताखाली गेला. विषय देवभाताचा. देवभात म्हणजे कुणी न पेरता तळ्याकाठी, बांधाकडेला उगवणारं रानभात. दिसायला अगदी शेतातल्या भातासारखं, पण दाणा पिकला की हात लावायच्या आत गळून चिखलात पडतो, म्हणून शेतकऱ्याचा त्याच्यावर राग. चांगल्या भाताशी त्याचा संकर झाला की पुढच्या पिकात धड ना इकडची धड ना तिकडची अशी रोपं निघतात. आंबेमोहोर आणि देवभात यांच्या अशा संकराची रोपं वाढवायची आणि लोंब्या आल्या की त्यातली किती देवाच्या वळणावर गेली, किती आंबेमोहोराच्या, ते पाहायचं, एवढाच माझा प्रबंध. पुण्यात त्याला पाऊस पुरेना, म्हणून सरांनी मला दुसऱ्या हंगामाला मावळात धाडलं. निघताना वडिलांचं पत्र आलं होतं. त्यात एकच ओळ कामाची होती: हे शेवटचं वर्ष, नाही जमलं तर आपलं कापडाचं दुकान आहेच. भाताचा हंगाम वर्षातून एकदाच येतो. तेव्हा माझं जे काय व्हायचं ते त्या चार-पाच महिन्यांतच व्हायचं होतं.

लोणावळ्याला उतरलो तेव्हा बरोबर एक ट्रंक, एक वळकटी, बियांच्या पुड्यांचा पत्र्याचा डबा आणि टिपकागदांचा गठ्ठा होता. टिपकागद वनस्पती दाबून वाळवायला आणले होते. पाऊस लागल्यावर आठ दिवसांत त्यांना बुरशी आली आणि मी ते घरमालकीण मावशीला चूल पेटवायला दिले, तेही पेटेनात. खोली औंढ्यातल्या आबांच्या घराची, गोठ्याला लागून. माझ्या आणि बैलांच्या मध्ये एक कुडाची भिंत होती. बैल रवंथ करत त्याचा आवाज, त्यांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, आणि पागोळ्यांचा, जो आषाढ-श्रावणात कधी थांबलाच नाही. बुटांवर हिरवट लव आली. धोतर दोरीवर तीन-तीन दिवस तसंच ओलं. काडेपेटी छातीशी ठेवून झोपायचं, म्हणजे सकाळी निदान एक तरी काडी पेटेल. मी त्या वेळी तेवीस वर्षांचा होतो आणि मला सारखं म्हातारं झाल्यासारखं वाटे. कशानेही थकायला होई. आज खरोखर म्हातारा झालो आहे, पण तसा थकवा पुन्हा कधी आला नाही.

आबा रेल्वेत गँगमन होते. घाटातल्या बोगद्यांत उमेदीची वर्षं गेली आणि तिथेच कानही गेले. घरी बसले तरी त्यांचा जीव गाडीत होता. गाड्यांच्या वेळा त्यांना तोंडपाठ, पण ऐकू येईना. म्हणून वेळ झाली की ओट्यावरून ओरडून मला विचारायचे, "मास्तर, गेली का?" मी कान देऊन ऐकायचो आणि मान हलवायचो. मग ते समाधानाने तंबाखू मळायला घ्यायचे. मी मास्तर नव्हतो, पण पुस्तकं आहेत म्हणजे मास्तर, असं त्या घराने ठरवून टाकलं होतं. त्यांचा मुलगा मुंबईला गिरणीत. घरात सून शेवंता, आणि घराचं खरं माणूस म्हणजे आबांची बायको, गंगूमावशी. पन्नाशीची, काटक, बोलण्यात तोडून टाकणारी. गावातल्या बायकांची लावणी, तण उपटायची बेणणी तिच्या तोंडाकडे बघून चाले. ती म्हणाली उद्या कुणाच्या खाचरात, की त्याच खाचरात.

जेवण तिच्याकडेच. सकाळी नाचणीची भाकरी आणि टाकळ्याची भाजी, संध्याकाळी भात आणि हुलग्याचं कढण. कधी आबा ओढ्यातून खेकडे आणत, मग त्या दिवशी घरभर वाटणाचा वास. भात असा की झाकण काढलं की माझ्या खोलीपर्यंत वास यावा. पण दोन महिने रोज तोच खाऊन माझं ज्वारीवर पोसलेलं पोट रुसलं. मी एकदा नुसतं म्हणालो, "मावशी, आमच्याकडे रोज ज्वारीची भाकरी असते." ती म्हणाली, "हितं ज्वारी कुटली बाबा. हितं पानी खावा न् भात खावा." विषय संपला.

देवळामागचं एक लहानसं खाचर आबांनी मला दिलं होतं. त्यात मी माझी रोपं लावली, एकेक, हातभर अंतरावर, ओळीने, आणि प्रत्येक ओळीच्या तोंडाशी आकडा रंगवलेली बांबूची कामटी. तिथल्या बायका चार-पाच रोपांचा चूड एका जागी खोचतात. एकेक रोप लावणारा माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. बांधावरून जाताना कुणीतरी म्हणे, "मास्तरांचं भात पोरकं दिसतंय गं." मी हसून सोडून देई. मी काय करतोय ते कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. खरं सांगायचं तर लाज वाटे. कॉलेज शिकलेला माणूस इतक्या लांब येऊन तण लावतो, हे कुठल्या तोंडाने सांगणार? आणि दुसरं असं की सांगून त्यांना कळणार नाही, अशी माझी पक्की समजूत होती. ही समजूत मला कुणी शिकवली नव्हती. ती कोटासारखी माझ्या अंगावर होतीच.

आषाढात शेवंताच्या पायाला चिखल्या झाल्या, बोटांच्या बेचक्या सोलून निघाल्या. नेमकी त्या दिवशी आबांच्या मोठ्या खाचराची लावणी होती. तिकडे लावणी सावडीने होते. आज सगळ्याजणी तुझ्या खाचरात, उद्या सगळ्याजणी माझ्या. मजुरी नाही, दिवसाला दिवस. त्यात एक बाई कमी झाली की सगळं गणित हलतं. मावशी सकाळी माझ्या दारात उभी राहिली.

"मास्तर, आज येक हात कमी पडतुया. येता का?"

"मला येत नाही, मावशी."

"कुनाला आईच्या पोटातनं येतंय? वाका म्हंजी येतं."

तिने माझ्या पाठीवर इरलं टाकलं, पानांचं ते टोपडं डोक्यापासून कमरेपर्यंत आलं, आणि मी त्या सात बायकांच्या रांगेच्या टोकाला वाकलो. दुपारपर्यंत मला माझी कंबर कुठे आहे ते कळेना. बायका वाकून गाणी म्हणत मागे सरकत होत्या, मी धापा टाकत. माझी ओळ बघून एकजण म्हणाली, "ही वळ हाय का नागुबा?" आणि सगळ्या हसल्या, मीही हसलो. दिवस मावळताना मावशीने माझ्या हातातला शेवटचा चूड घेतला आणि स्वतःच खोचला. त्या रात्री मी उताणा पडू शकलो नाही. दोन दिवसांत मी ते सगळं विसरलो. कमरेने आठवण ठेवली असेल तेवढीच.

श्रावणात मला ताप आला. असा की वही हातात धरवेना. सरांना वहीही दाखवायची होती. म्हणून मी पुण्याला जायचं ठरवलं, मित्राच्या खोलीवर. निघताना मावशीला म्हणालो, "खाचराकडे जरा लक्ष असू द्या." ती म्हणाली, "तुमी बिनघोर जावा. हितं आमी हाय की." आबांनी विचारलं, "गेली का?" मी म्हणालो, "अजून नाही, हीच धरायची आहे." ते त्यांना ऐकू गेलं नाही.

आठ दिवसांनी परतलो. अंगात ताप नव्हता पण पायात बळही नव्हतं. लोणावळ्यात बाजारातून घरच्यांसाठी शेंगदाण्यांची गुडदाणी घेतली, रुमालात बांधली आणि चालत निघालो. रोपं फुटव्यावर आली असतील, आणखी महिना-दीड महिन्यात लोंबी दिसू लागेल, या विचाराने बरं वाटत होतं. घरी न जाता आधी देवळामागे गेलो.

खाचर स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ की मला क्षणभर दुसऱ्याचं वाटलं. जिथे माझी रोपं सलग ओळीने उभी होती तिथे मधेमधे नुसतं पाणी, आणि पाण्यात आभाळ. निम्म्याहून जास्त रोपं नव्हती. माझ्या कामट्या कुणीतरी उपटून, धुऊन, त्यांची मोळी बांधून बांधावर ठेवली होती. तारेने नव्हे, भाताच्याच काडीने बांधली होती. मी ती मोळी हातात घेऊन उभा राहिलो. लांबून मावशी पदराला हात पुसत आली. तोंड हसरं.

"बगितलं का मास्तर? सातजनी हुतो. दुपारच्या आत लख केलं. तुमचा लावनीचा दिस आमच्याकडं ऱ्हायला हुता न्हवं? तो फेडला."

"उपटलंत?" मी म्हणालो.

"मंग? निम्म्यावर देवभात घुसलं हुतं त्यात! लोकं बांधावरनं जाताना हसायची. मी म्हनलं, ज्वारीतलं पोरगं, त्याला काय कळतंय. त्यात आजारी. आपन करू."

मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. आठवलं नसतं तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं? अडाणी ते अडाणीच! तेच रानभात मला हवं होतं. वर्ष गेलं माझं. माझा जन्म बसवलात तुम्ही दुकानात." आणि तेवीस वर्षांचा मी बांधावर बसून रडलो. गुडदाणीचा रुमाल चिखलात पडला.

मावशीच्या तोंडावरचं हसू एकदम गेलं नाही. ते हळूहळू गेलं, कारण तिला आधी कळेचना. "देवभात पायजे हुतं?" तिने विचारलं. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "मंग सांगायचं की, मास्तर."

तीन महिने मी त्या बाईच्या हातचं खाल्लं, तिच्या इरल्याखाली वाकलो, आणि मी काय करतोय ते तिला पाच मिनिटं बसून सांगितलं नाही. ती आणि तिच्या सहाजणी माझी अब्रू वाचवायला त्या खाचरात उतरल्या होत्या. तिथे ज्याच्या शेतात देवभात उभं तो आळशी, त्याला लोक नावं ठेवतात. पण हे सगळं मी आज म्हणतो. त्या दिवशी माझ्या मनात फक्त राग होता आणि कापडाच्या दुकानाचा वास होता.

संध्याकाळी ताट माझ्या उंबऱ्यावर ठेवलेलं होतं. आत बोलावलं नव्हतं, आणि बोलावलं असतं तरी मी गेलो नसतो. झाकण काढलं तर ज्वारीची भाकरी. मी पुण्यात तापाने पडलो होतो तेव्हा तिने लोणावळ्याच्या बाजारातून कुणाकडून तरी ज्वारीचं पीठ मागवून ठेवलं होतं, मी येईन तेव्हा करायला. कडेने फाटलेली, जाड. नाचणीवर बसलेल्या हाताला ज्वारी वळली नव्हती. मी ती सगळी खाल्ली. भूक होती म्हणून खाल्ली, आणि खाताना मला स्वतःची किळस आली. ओट्यावरून आबा ओरडले, "मास्तर, गेली का?" मी दार लोटून घेतलं. त्यांनी परत विचारलं. मग शेवंताने त्यांना हातानेच गप्प केलं असावं.

सकाळी मी ट्रंक भरायला घेतली. मावशी दारात आली आणि म्हणाली, "चला." बस इतकंच. तिचा आवाज असा होता की मी उठलो. ती पुढे, मी मागे, गावाबाहेरच्या तळ्याकडे. काठाच्या चिखलात मूठमूठ रोपं खोचलेली होती. वाकडीतिकडी, काही पिवळी पडलेली, पण बरीचशी उभी. माझीच रोपं.

"देवाचं हाय," ती म्हणाली. "उकिरड्यावर कसं टाकायचं? ऋषीपंचमीला बैलाच्या कष्टाचं खात न्हाई आमी. देवभातच लागतंय. म्हनून हितं खोचलं. तुमचंच हाय, घ्या."

मी खाली बसून एक मूठ हातात घेतली. सगळं एकत्र झालेलं. कुठलं रोप कुठल्या ओळीतलं, ते तर गेलंच होतं. मी म्हणालो, "याचा काही उपयोग नाही, मावशी. यातलं कुठलं देवाचं, कुठलं अर्धवट, ते लोंबी आल्याशिवाय कळत नाही. आमच्या सरांनाही कळत नाही."

"न कळायला काय झालं?" ती म्हणाली आणि चिखलात फतकल मारून बसली. मुठीतलं एक रोप काढलं, पान जिथे काडीला मिळतं तिथे अंगठ्याने मागे वाकवलं आणि माझ्यासमोर धरलं. "हितं बेचक्यात जीब असतीया, बगा. पातळ. आंबेमव्हराची आखूड. देवाची लांब, टोकदार. आन् ह्याची मधलीच, म्हंजी दोनीकडचं. बेनताना आमी ह्येच बगतो. डोळं मिटून बी कळतंय, बोटाला लागतंय."

त्या जिभेला पुस्तकात मोठं नाव होतं. मी ते परीक्षेत लिहिलं होतं, आकृती काढून. पण शेतात ती कधी पाहिली नव्हती. तरी माझा विश्वास बसला नाही. माझा स्वभाव असा की कुणी मला शिकवलं की आधी राग येतो. मी मनात म्हटलं, ठीक आहे, लोंबी आली की हिची चूक हिलाच दाखवून देऊ. मी कामट्यांची मोळी आणली. ती एकेक रोप बोटांत घेई, वाकवी आणि सांगे, "देवाचं." "दोनीकडचं." "ह्ये बगा, ह्ये चांगलं हुतं, चुकून उपाटलं." मी तिच्या म्हणण्याप्रमाणे तळ्याकाठी तीन ताटवे केले आणि एकेक रोप अंतरावर लावलं. दुपारी शेवंता भाकऱ्या घेऊन आली, ती तिथेच बसून आम्हाला रोपं देत राहिली. मी माफी मागायला दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा विचारलं, "हे कुठल्या ताटव्यात?"

दिवस कलला तेव्हा मावशी गुडघ्यावर हात टेकून उठली. तिचा स्वतःच्या खाचरातल्या बेणणीचा दिवस त्यात गेला होता. चिखलाचे हात तळ्यात धूत ती म्हणाली, "ह्यो दिस तुमच्याकडं ऱ्हायला बरं का, मास्तर. फुडल्या लावनीला या."

"येईन," मी म्हणालो.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. पाऊस, चिखल, ओलं धोतर, वही. ऋषीपंचमीला मावशीने घरात जुन्या साठ्यातलं मूठभर देवभात शिजवलं, माझ्या ताटव्यांना हात लावला नाही. मी रोज सकाळी तळ्यावर जाऊन फक्त रोपं उभी आहेत का ते बघायचो, इतर काही बघायची हिंमत नव्हती. मग आश्विनात लोंब्या बाहेर पडल्या. देवाच्या ताटव्यात लांब कुसळांच्या, काळपट. चांगल्याच्या ताटव्यात स्वच्छ, बिनकुसळाच्या. दोन्हीकडच्या ताटव्यात सगळी सरमिसळ. मी तीन दिवस एकेक रोप तपासलं. तीन ताटव्यांत मिळून अकरा रोपं चुकली होती. बाकी सगळी तिने सांगितली तशी.

मी घरी येऊन तिला सांगितलं, "अकरा चुकली, मावशी." माझ्या मते ती शाबासकी होती. ती तांदूळ पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "चुकली असतील. आदल्या दिशी तुमी बोलला हुता ना, हात थाऱ्यावर न्हवता."

प्रबंध बुडता बुडता तरला. नुसता तरला नाही, आधी ठरवला होता त्यापेक्षा चांगला झाला. लोंबी येण्याआधी, बेणणीच्या वेळीच भेसळ कशी ओळखावी, ही गोष्ट तोवर आमच्याकडे कुणी लिहिलेली नव्हती. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. मसुद्यात मी एक ओळ घातली होती: ही खूण औंढे येथील गंगूबाई यांनी दाखवून दिली. सरांची तांबडी पेन्सिल त्या ओळीवर थांबली. "प्रबंध तुमचा आहे की बाईंचा?" ते हसत म्हणाले. रागाने नव्हे, काळजीने. "परीक्षक विचारतील, मग तुम्ही काय केलंत? असं करा, लिहा, प्रस्तुत लेखकाच्या निरीक्षणास आले." मी मान हलवली. आबांना गाडी गेल्याचं सांगताना हलवायचो तशीच. मी थकलो होतो, मला ते सगळं संपवायचं होतं, वडिलांना पत्र लिहायचं होतं. ही कारणं खरी आहेत. पण आजवर ती मी स्वतःलाही पुरी पडू दिलेली नाहीत.

पुढल्या ज्येष्ठात नोकरीचा हुकूम आला, कोकणातल्या एका सरकारी शेतीवर. आषाढात तिथेही लावणी होती आणि मी नवा होतो. दुसऱ्या वर्षी बढती, तिसऱ्या वर्षी लग्न. नोकरी संपेपर्यंत मी नव्या पोरांना ती खूण शिकवली. पान वाकवून दाखवायचो, बेचक्यातली जीभ दाखवायचो, आणि ती पोरं माझ्याकडे आदराने बघायची. एकदा मुंबईला जाताना गाडी लोणावळ्याला बराच वेळ थांबली. मी खिडकीतून गुडदाणी घेतली. उतरलो नाही. बायकोने विचारलं, इथे तुमचं कुणी आहे का? मी म्हटलं, होते एके काळी.

आता मनात आणलं तरी मला वाकता येत नाही. आबा आणि मावशी कधीच गेले असतील. मी चौकशीही केलेली नाही, कुणाकडे करणार? माझा एक दिवस त्या सातजणींनी महिन्याभरात फेडला होता, मी मागितला नसताना, मी विसरलो असताना. तिचा एक दिवस माझ्याकडे राहिला तो राहिलाच. त्या पुढल्या लावणीला ती सकाळी रांगेच्या टोकाला एक जागा मोकळी ठेवून थांबली असेल का, हे मला माहीत नाही. बहुतेक थांबली असेल. सावडीत धरलेलं माणूस येतंच, असं तिकडे सगळे धरून चालतात.